आमचा बेंदूर आषाढात

ज्या धरणात आमचं गाव गेलं, त्याच्या भिंतीवर आमच्याच बैलांनी वाळू वाहिली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शहाण्यानं बोट दाखवायला नको. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. भातं निघाली की डोंगरातल्या माणसाच्या हाताला काम नसायचं, आणि नदीच्या खालच्या अंगाला भिंतीचं काम निघालं होतं. मालक, म्हणजे माझे यजमान, बैलगाडी घेऊन गेले. अर्धं गाव गेलं. बायका डोक्यावर पाट्या घेऊन गेल्या, त्यांच्यात मीही होते. माझ्या हातातली लग्नाची हिरवी काकणंसुद्धा अजून वाढवली नव्हती. ही नदी कुणाला अडवता येईल असं आमच्यापैकी एकालाही वाटत नव्हतं. तिचं श्रावणातलं पाणी पाहिलेलं माणूस त्या भिंतीकडं बघून हसायचंच, तसे आम्ही हसलो. मग भिंत आमच्या आंब्यांच्या वर गेली आणि आमचं हसणं बंद पडलं.

मी मूळची सातारची, पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या हवालदाराची पोर. आमच्या घरात जो तो हुकूम सोडायचा आणि ऐकायचं मात्र कुणीच नाही. ते अंगातलं पाणी सासरी येऊनही जिरलं नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे मला वळण लावायचं काम मामंजींवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर आलं. त्यांना ते जमलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही.

मामंजी गावात बेंदराचे मानकरी होते. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. त्याला धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणाची पोळी चारायची. संध्याकाळी सगळ्या गावाचे बैल वेशीबाहेर जमतात. वेशीत आडवी दोरी बांधतात, तिला पानांचे टाळे लावतात. तिला म्हणतात कर. मानकऱ्याचा बैल पहिला धावत येतो, शिंगांनी कर तोडतो, आणि त्याच्यामागून सगळी जनावरं गावात शिरतात. आमच्या डोंगरात हा सण आषाढात. भाताची चिखलणी उरकत आलेली असते, बैलांचे खांदे सुजलेले असतात. वर्षातला तेवढा एक दिवस बैलाकडं कुणी काही मागत नाही.

मग उठायचा हुकूम झाला. ट्रकात भांडी चढली, पत्रे चढले, घरं उतरवून काढलेले खांब आणि वासे चढले. बैल चढवायला मामंजींनी साफ नकार दिला.

“बैल काय सामान हाय?” ते म्हणाले, आणि मालकांना सोबत घेऊन बैलांबरोबर चालत निघाले.

डोंगर मागे पडला. पुढं सांगलीकडचे उसाचे मळे लागले, नजर जाईल तिथवर हिरवे. एका बागायतदारानं चौकशी केली, “कुठनं आलासा, पावनं?”

मामंजी म्हणाले, “तुमच्या उसाला पानी सोडून आलो.”

हे मालकांनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांना हसू येत होतं, पण पुरतं आलं नाही.

आमची नवी जागा त्या उसाच्याही पलीकडं, जतच्या वाटेला. उघडा माळ, त्यावर चुना लावलेले हद्दीचे दगड आणि पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी. आमच्या नदीच्या पाण्याचा पाट कधीतरी इथवर येणार होता म्हणे. तोवर माणसांसाठी टँकर यायचा, आला तर. जनावरांचा विचार कुणी केलेलाच नव्हता. सरकारनं एक विहीर खणली होती, तिच्या तळाला पारवे राहायचे. जवळच एक जुनं गाव होतं. त्याला दगडी वेस होती, भरलेली विहीर होती आणि विहिरीला लागून जनावरांना पाणी पाजायचा लांबलचक हौद होता. त्या गावचे बैल आधी पिऊन गेले की मग आमच्या बैलांची पाळी यायची.

त्या गावकऱ्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. आमची वसाहत त्यांच्या रानातून काढून दिलेल्या जमिनीवर होती. ज्याच्या बापाची काळी जमीन सरकारनं उचलून दुसऱ्याला दिली, तो त्या दुसऱ्याला ओवाळायला थोडाच येणार? पण आमचंही रान कुणी उचललंच होतं की. ते त्यांना दिसायचं नाही. आम्हाला ते ‘पावनं’ म्हणायचे, आणि जेवायला न बोलावता पाहुणा म्हणणं कसं असतं ते मी तिथं शिकले. आमचे बैल डोंगरी, ठेंगणे, आखूड शिंगांचे. त्यांचे खिल्लारी, पांढरेशुभ्र, माणसाच्या छातीला लागतील एवढे. हौदावर पोरं खिदळायची, “ह्यास्नी बैल म्हंत्यात व्हय रं? का शेरडं जुपल्यात?” आमच्या जोडीतला तांबडा मात्र खाली मान घालून निवांत प्यायचा. त्याला कुणाचं बोलणं लागत नसे.

पहिल्या ज्येष्ठात वळीव झाला, रान वाफशावर आलं. वटपौर्णिमेचा दिवस. आम्ही बायका वड शोधत फिरत होतो. त्या माळावर वड कसला, सगळ्या बोरी आणि बाभळी. इकडं मामंजींनी नव्या रानात पहिल्यांदा नांगर धरला. नांगराची दोन-चार तासं ओढून झाली असतील, तोवर बांधावर माणसं गोळा झाली. काहींच्या हातात काठ्या होत्या. मी पूजेचं ताट तसंच घेऊन रानाकडं पळाले.

“सोडा बैल!” एकजण ओरडत होता. “आज बेंदूर, आन तुमी बैलाच्या मानंवर जू ठेवलंय? मानसं हायसा का कोन?”

मामंजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घर उतरवतानाही तो तसा झाला नव्हता. “बेंदूर?” ते म्हणाले. “बेंदूर तर आषाढात असतोय.”

कर्नाटकाच्या अंगाला तो ज्येष्ठात पौर्णिमेला करतात आणि वरच्या बाजूला आषाढात. सांगलीकडं हे दोन बेंदूर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. आम्ही डोंगरातून बाहेर न पडलेली माणसं, आम्हाला कोण सांगणार? मामंजींनी नांगर जागेवर टाकला, बैल सोडले, त्यांच्या खुरांना हात लावून कपाळाला लावला आणि तसेच मातीच्या पायांनी त्या गावच्या मानकऱ्याच्या दारात गेले. मालक त्यांच्या मागं होते. तो मानकरी मामंजींच्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा, हाडापेरानं मोठा माणूस. मामंजींनी पागोटं काढून त्याच्या उंबऱ्यावर ठेवलं.

“चूक झाली,” ते म्हणाले. “कुनाच्याबी बेंदराला आमी कवा जू टाकलं न्हवतं.”

म्हाताऱ्यानं पागोटं उचलून परत मामंजींच्या डोक्यावर ठेवलं. इथवर तो चांगलाच वागला. मग त्यानं अट घातली.

“झालं गेलं. पर आता तुमचा बेंदूर आमच्यासंगंच. तुमची बैलं माघारनं येऊ द्यात, आमची ना न्हाई. आषाढात काय करायचं न्हाई. एका शिवारात दोन बेंदूर झालं तर जनावराला भोवतंय. आन करायचाच असंल तर हौदावर बैलं आनू नगा.”

संध्याकाळी वसाहतीतले सगळे बापे आमच्या पत्र्याखाली जमले. बहुतेकांचं म्हणणं, पाण्यासाठी वैर नको. मालकही त्याच मताचे. “एका दिवसाचा तर इषय,” ते म्हणाले. “बैलाला कुठं पंचांग कळतंय?” लोक हसले. मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं.

मामंजी हसले नाहीत. ते म्हणाले, “घर गेलं, रान गेलं, नदी गेली. मी कुनाफुडं रडलो का? पर आता बेंदूरबी त्येंच्या माघारनं करायचा म्हंजी आमी त्या गावची एक आळी झालो. उद्या कुनी इचारलं, तुमचं गाव बुडलं का हाय, तर काय सांगायचं? बेंदूर हाय तवर आमचं गाव हाय. मग ते पान्यात असंल न्हाईतर माळावर.”

मग मालकांनीच हळू विचारलं, “आबा, पर बैलाला पानी कुठनं?”

सुनेनं सासऱ्यासमोर, चार माणसांत तोंड उघडायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी उघडलं.

“पाणी आम्ही आणू,” दारातून मी म्हणाले. “तुम्ही बेंदूर करा.”

सगळ्यांनी माना वळवल्या. मालकांनी डोळे वटारले. माझ्यामागं माझी थोरली जाऊ उभी होती. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही, पण तेव्हा म्हणाली, “बैलं काय एकट्या गड्यांची हायेत?” तेवढं बोलून ती आत निघून गेली. मामंजी माझ्याकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, “ठरलं तर.” मला वळण लावायचा विचार त्यांनी त्या दिवशी कायमचा सोडून दिला असावा.

मध्ये एकदा जीपमधून साहेब आले. वसाहत कशी वसली ते बघायला. मामंजींनी त्यांना खाटेवर बसवलं आणि म्हणाले, “साहेब, आमाला एक वेस द्या.”

“वेस?” साहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “अहो बाबा, वसाहतीला वेस नसते. नकाशात तशी तरतूदच नाही.”

“नकाशात आमचं गावबी हुतं,” मामंजी म्हणाले. “ते ऱ्हायलं का?”

साहेब हसले, चहा प्याले आणि गेले. पुनर्वसन झालं असं त्यांनी वर कळवलं असेल. मला विचारलं असतं तर मी वेगळं कळवलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी आमच्या जुन्या घराचे दोन खांब बाहेर काढले. ते ऐनाचे खांब नव्या घरासाठी राखून ठेवलेले. मालक खूप चिडले. “आबा, मग जलमभर पत्र्याखालीच ऱ्हायाचं का?” मामंजी म्हणाले, “पत्र्याखाली ऱ्हायलेली मानसं मरत न्हाईत.” मालकांनी दिवसभर अबोला धरला आणि त्याच अबोल्यात पहार घेऊन रस्त्याच्या तोंडाशी दोन खड्डे काढले. खांब उभे राहिले, वर आडवं लाकूड बसलं. तेवढीच आमची वेस. मामंजींनी तिला नारळ फोडला आणि मी हळदीकुंकू लावलं.

ती बातमी शेजारच्या जुन्या गावात पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी मालक बैल घेऊन हौदावर गेले तर चार माणसं हौदाच्या काठावर बसलेली. बैल तसेच परत आले.

मग आमची वारी सुरू झाली ती ओढ्याची. ओढा लांब, आणि नावालाच ओढा, सगळी वाळू. वाळूत हातानं झरा उकरायचा, पाणी निवळायची वाट बघायची, नारळाच्या नरोटीनं घागर भरायची. घागर भरेपर्यंत पायाला मुंग्या यायच्या. माणूस दोन तांब्यांत भागवतं, पण बैल एका दमात घागर ओढतो आणि वर तोंड करून आणखी मागतो. आम्ही सगळ्या बायका पाळीपाळीनं जायचो. माझ्या मानेत उठलेली कळ आजही थंडीत उठते. ज्यांच्या दारावरून बारा महिने नदी वाहायची, त्या आम्ही वाटीवाटीनं बैलाचं पाणी गोळा करत होतो, आणि आमची नदी तिकडं डोंगरात भिंतीमागं तुंबून दुसऱ्यांच्या उसाची वाट बघत होती. मला रडू यायचं नाही, संताप यायचा. तो बरा असतो. संतापानं घागर उचलता येते.

बैल मात्र खंगत चालले. तांबड्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. मालक रात्री त्याच्या अंगावरून हात फिरवायचे आणि माझ्याकडं न बघता म्हणायचे, “झेपायचं न्हाई हे.” मामंजी ऐकायचे आणि कूस बदलायचे. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. बेंदूर राखायचा आणि बैल घालवायचा, याला काय अर्थ, असं एकदा माझ्याही मनात आलं. मी ते कुणाला बोलले नाही, कारण शब्द मीच दिला होता.

आषाढातला दिवस उजाडला. वारा नुसता घोंघावत होता, पावसाचा थेंब नाही. आमच्या डोंगरात ह्या दिवसांत अंगावरची कांबळी वाळत नाही. आम्ही सकाळपासून ओढ्यावरच होतो. अंघोळीचं पाणी कुठून आणणार? बैल ओल्या फडक्यानं पुसून घेतले. शिंगांना हिंगूळ लावला, पाठीवर झुली घातल्या. गूळ थोडा होता, पुरण बेताचंच शिजलं. आधी बैलांचं, मग पोरांचं, असं सांगून ठेवलं होतं. करीला आंब्याचे टाळे मिळाले नाहीत, म्हणून कडुलिंबाचे बांधले.

संध्याकाळी सगळे बैल रस्त्यावर जमले. आमच्याबरोबर उठून आलेल्या हलगीवाल्यानं हलगी शेकून घेतली. तेवढ्यात जुन्या गावची माणसं आली आणि आमच्या वेशीला पाठ लावून रस्त्यात आडवी उभी राहिली. मधोमध तो पांढऱ्या मिशांचा मानकरी.

“सांगितलं हुतं तुमाला,” तो म्हणाला.

मामंजी तांबड्याचा कासरा धरून पुढं झाले. मला वाटलं आता काठ्या चालणार. मी पदर खोचला. त्यानं काय होणार होतं कुणास ठाऊक, पण खोचला.

“व्हय, सांगितलं हुतं,” मामंजी शांतपणे म्हणाले. “तुमच्या बेंदराला आमी जू टाकलं. चूक आमची. तुमच्या उंबऱ्याव पागोटं ठेवलं. आता जरा माघारी बघा.”

सगळ्यांनी मागं बघितलं. वसाहतीच्या पलीकडं जुन्या गावच्या रानात कुळव चालले होते. पांढरे खिल्लारी बैल दूरवर दिसत होते, एकामागं एक.

“आज आमचा बेंदूर,” मामंजी म्हणाले. “आज तुमच्या बैलांच्या मानंवर जू हाय. आमी काठ्या घिऊन तुमच्या बांधावर आलो का?”

म्हातारा मानकरी रानाकडं बघत राहिला. त्याच्यामागं एक तरणा गडी काहीतरी पुटपुटला. म्हाताऱ्यानं त्याला हातानंच गप्प केलं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला झाला. मग बाकीचे झाले. हौदाची बंदी मात्र उठली नाही.

हलगी कडाडली. मामंजींनी कासरा ढिला केला. फासळ्या दिसणारा तो ठेंगणा तांबडा अंग झटकून निघाला, मान खाली घातली आणि कर शिंगावर घेऊन असा घुसला की वेशीचं आडवं लाकूड हाललं. दोरी तुटली. बायका, पोरं, बापे, सगळे ओरडत होतो. मालक तर रडत होते आणि हसत होते. मामंजींनी खांबाला हात टेकला. मला तेव्हा अगदी स्पष्ट वाटलं, की आमचं गाव आहे. कोणत्याही साहेबानं काहीही लिहावं, ते आहे.

त्या गलक्यात तांबड्याचा कासरा हातातून सुटला. तो गोल वळला आणि शिंगात कडुलिंबाचे टाळे लोंबत असताना, आला तसा वेशीबाहेर पडला. ती त्याची पाणी प्यायची वेळ होती. इतके महिने तो ज्या वाटेनं हौदावर जायचा, त्याच वाटेला लागला, आणि त्याच्यामागं आमची सगळी बैलं. मानाच्या बैलाच्या मागं मागं जायचं, हेच त्यांना नुकतं शिकवलेलं.

मालक धावले, पण मी जवळ होते. ओढ्यावरून आणलेल्या घागरी वेशीच्या आतच ठेवल्या होत्या. मी एक घागर काखेला मारली, दुसऱ्या हातात घमेलं घेतलं आणि रस्त्यानं पळत तांबड्याच्या पुढं गेले. हौद दहा पावलांवर राहिला होता आणि गावाकडं परत निघालेला म्हातारा मानकरी तिथं येऊन उभा होता. मी रस्त्याच्या मधोमध घमेलं ठेवलं आणि घागर उपडी केली. तांबडा थांबला, त्यानं हुंगलं आणि तोंड घातलं. मागं वळून बघितलं तर जाऊबाई घागर घेऊन येत होत्या, आणि त्यांच्यामागं आमच्या वसाहतीतल्या सगळ्या बायका.

म्हातारा बघत होता. त्याच्या मिशा हलल्या. आवाज एकदम मऊ झाला होता.

“पोरी, हौद भरलेला हाय की,” तो म्हणाला. “आज जनावराचा सन हाय. पाज जा.”

माणूस वाईट नव्हता. त्यानं मनापासून म्हटलं होतं, हे मला कळलं. पण आजच्या दिवसापुरतं पाणी घेऊन मी काय करणार होते?

“आमची नदीबी भरलेली हुती, आजोबा,” मी म्हणाले.

तांबड्यानं घमेलं चाटून कोरडं केलं आणि मान वर केली. मी बाजूला सरले, आणि जाऊबाईंनी आपली घागर ओतली.